दहा पावलं मागे

१

सप्टेंबरात अरुणाच्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि डॉक्टरांनी तिला रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. टोरांटोजवळ रिचमंड हिलच्या आमच्या घरापासून गाडीनं सहा मिनिटांवर टाऊनची सार्वजनिक बाग आहे. उन्हाळ्यातही आम्ही अधूनमधून तिथे फिरायला जायचो. तिथली खडीची वाट लांबट गोल फिरते. चार वळणं, एका टोकाला काचघर, त्याच्यासमोर बाक. तीन फेऱ्या म्हणजे बरोबर चाळीस मिनिटं. हे मी घड्याळ लावून मोजलं होतं. मोजणं माझ्या अंगवळणी आहे. एकतीस वर्षं मी विद्यापीठात ध्वनी आणि कंपनं हा विषय शिकवला.

मी पुढे चालायचो, अरुणा दहा पावलं मागे. असं कोणी ठरवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा असेच चाललो. एकोणसत्तर साली टोरांटोच्या विमानतळावर उतरलो तेव्हाही असेच, मी हातात कागद घेऊन पुढे आणि ती दोन बॅगा घेऊन मागे. आमच्या ओळखीचे दीनानाथ सबनीस एकदा बागेत भेटले. म्हणाले, "चारुदत्तराव, वहिनींना टो करून नेताय होय? दोरी दिसत नाही ती?"

"दोरी कधीच तुटली, भाऊजी," अरुणा मागून म्हणाली. "यांना पत्ता नाही."

दोघं खूप हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

चालताना मी समोर बघत बोलायचो आणि ती मागून "हं" म्हणायची. या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, माझ्या बोलण्याला एकच विषय होता. ऑगस्टमध्ये तीन आठवडे तिच्या छातीत दुखत होतं आणि तिनं मला सांगितलं नाही. शेवटी अँब्युलन्स बोलवावी लागली. इमर्जन्सीतल्या पोरसवदा डॉक्टरनं मला विचारलं, तीन आठवडे तुम्ही काय करत होतात?

"सांगितलं होतं मी," अरुणा म्हणायची.

"कधी?"

"चालताना."

"मग मला कसं ऐकू आलं नाही?"

"ते तुम्ही तुमचं बघा. ध्वनीचे प्रोफेसर तुम्ही."

मला संताप यायचा. तिनं सांगितलं असेल तर मी नालायक ठरत होतो. सांगितलं नसेल तर ती खोटं बोलत होती. तिसरी शक्यता मला दिसत नव्हती. एवढं एक तिनं कबूल करावं म्हणून मी रोज तीन फेऱ्या तिच्याशी भांडत होतो.

२

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं कडक हिंव पडलं. गवत पांढरं, बाकाच्या पट्ट्या पांढऱ्या. बागेतल्या नाजूक झुडपांना कामगारांनी हिवाळ्यासाठी गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. तिसऱ्या वळणावर तशी बारा-पंधरा झुडपं होती, माणसाच्या उंचीची. खडी गोठली होती. पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

पहिली फेरी मी गप्प होतो. दुसरीत सुरुवात केली. आमच्या मुलाचा, जयदीपचा काल मॉन्ट्रियलहून फोन आला होता आणि त्यानंही मलाच दोष दिला होता, त्याबद्दल बोललो. मागून "हं" आलं. ही मुलं आईची बाजू घेतात कारण त्यांना काही माहीत नसतं, असं म्हणालो. "हं." तू नुसतं एकदा म्हण की मी सांगितलं नव्हतं, मग मी विषय काढणार नाही. यावर बराच वेळ काही नाही. नुसती पावलं. तिचा उजवा गुडघा गेलेला आहे, त्यामुळे तिची चाल एक जड, एक हलकी अशी असते. त्या दिवशी पावलं सारखी पडत होती. चालण्याचा फायदा झाला म्हणायचा, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग पुन्हा "हं".

तिसरी फेरी संपवून मी काचघरापाशी आलो. बाकावर अरुणा बसली होती. गुरमीत नावाची पंजाबी बाई या बागेत माळीकाम करते. तिच्याशी गप्पा मारत होती. थर्मासचं झाकण उघडं होतं, चहा अर्धा संपला होता.

मी चालायचा थांबलो. मागची पावलंही थांबली.

"तू इथे कधी आलीस?"

"कधी म्हणजे? पहिला राउंड झाला आणि बसले. गुडघा धरलाय आज. सांगितलं की तुम्हाला. मधे समोरून गेलात, तरी बघितलं नाहीत."

"दोन फेऱ्या मी बोलत होतो."

"कोणाशी?"

गुरमीत हसत म्हणाली, "अंकलजी, आंटी तो कबसे यहीं बैठी है. मेरा भी आधा काम करवा दिया."

अरुणा कप पुसत म्हणाली, "म्हणजे दोन राउंड हवेशी भांडलात? बरं झालं बाई. माझं बीपी वाचलं."

मी मागे वळून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. त्या दोघींच्या समोर घाबरल्यासारखं दिसलं असतं.

३

घरी आल्यावर मी वही घेऊन बसलो. काचेच्या भिंतीवरून आवाज परत येतो. दुसऱ्या दिवशी जरा लवकर जाऊन वाटेवर उभा राहिलो आणि टाळी वाजवली. टाळी परत आली. माझीच पावलं मला थोड्या उशिरानं मागून ऐकू येऊ शकतात, हे गणितानं पटण्यासारखं होतं. पण तिसऱ्या वळणावरून काचघर फार दूर आहे, आणि मध्ये गोणपाटातली झुडपं. गोणपाट आवाज गिळतं, परत देत नाही. आणि मी "हं" म्हटलंच नव्हतं, तर ते परत कुठून येणार?

मग कानावर संशय घेतला. माझी दोन्ही श्रवणयंत्रं काढून खिशात ठेवली. अरुणा एक फेरी करून बाकावर बसली, मी पुढे निघालो. खडीचा आवाज आता फार पुसट होता, माझा स्वतःचासुद्धा. मी मुद्दाम काहीतरी बोललो. बहुतेक विंटर टायर लावायचे राहिलेत असं काहीतरी.

"हं," मागून आलं. यंत्रं घातल्यासारखं स्वच्छ.

उरला मेंदू. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. जयदीपला सांगितलं असतं तर तो पहिल्या विमानानं येऊन मला मेमरी क्लिनिकमध्ये घेऊन गेला असता, आणि महिन्याभरात माझं लायसन्स गेलं असतं. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी हवेबद्दल बोललो.

"बाबा, आर यू ओके? तुम्ही कायम चिडलेले वाटता."

"मी चिडलेला नाही!" मी ओरडलो.

"ओके, ओके. आईला द्या."

अरुणानं फोन घेतला आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलली.

४

शुक्रवारी मी ठरवून गेलो. माझं म्हणणं असं होतं की "हं" हा काही पुरावा नाही. "हं" कशातूनही ऐकू येऊ शकतं, वाऱ्यातून, कपड्याच्या घासण्यातून. प्रश्न असा विचारायचा की ज्याला "हं" चालणार नाही.

अरुणा बाकावर बसली. मी पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. पावलं सुरू झाली होती. तोंडातून वाफ निघत होती आणि चष्म्यावर बसत होती. मी समोर बघतच विचारलं, "अगं, ऑगस्टमध्ये छातीत दुखत होतं, तेव्हा तू मला कधी सांगितलंस?"

एक पाऊल. दोन. तीन.

"पहिल्याच दिवशी," मागून आवाज आला. "इथेच, तिसऱ्या वळणावर. तुम्ही म्हणालात, पाय उचल."

आवाज अरुणाचा होता. पण त्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसा.

आणि मला आठवलं. हे लिहिलं पाहिजे. गरम दुपार होती. मागून ती म्हणाली होती, "अहो, छातीत कसंतरी होतंय," आणि मी म्हणालो होतो, "पाय उचल, पार्किंग संपतंय." मी ऐकलं होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी अरुणाला सांगून टाकलं. मागच्या आवाजाबद्दल नाही. तेवढी हिंमत नव्हती. एवढंच म्हणालो की मला आठवलं, तू सांगितलं होतंस, तिसऱ्या वळणावर, आणि मी पाय उचल म्हणालो.

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती कोथिंबीर निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे ऐकलं होतंत."

"आठवलं आत्ता."

"अडीच महिने रोज मला खोटं पाडलंत. जयदीपसमोर. त्या डॉक्टरसमोर. मी स्वतःशी म्हणायला लागले होते, की अरुणा, तू बोललीच नसशील, तुला नुसतं वाटलं असेल." तिनं जुडी टेबलावर आपटली. "माझ्या तोंडून शब्द निघतात की नाही हेच मला कळेनासं झालं होतं! आणि तुम्हाला आत्ता आठवलं?"

"अगं—"

"अगं नाही! नाव आहे मला. उद्या मी पुढे चालणार. तुम्ही मागून या. बघा कसं लागतं."

५

दुसऱ्या दिवशी शनिवार. हिंव इतकं की काचघराच्या काचा आतून-बाहेरून पांढऱ्या होत्या. बागेत आमच्याशिवाय गुरमीत तेवढी होती, लांब, पानं गोळा करत.

अरुणा पुढे निघाली. माझ्याकडे वळून न बघता. तिचा कोट जांभळा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पाठीला थोडा बाक आला आहे हेही. एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. ती जोरात चालत होती, रागानं. मी म्हणालो, "हळू चाल, छातीवर ताण येईल." ती आणखी जोरात निघाली.

दुसऱ्या वळणाच्या आधी माझ्या मागे खडी वाजली.

मला वाटलं होतं की ती पुढे असल्यावर मागे काही राहणार नाही. का वाटलं होतं ते सांगता येणार नाही. पावलं माझ्या पावलांबरोबर पडत होती, तेवढ्याच अंतरावरून. मी समोर, जांभळ्या कोटावर नजर रोखून ठेवली. तिसरं वळण आलं. गोणपाटातल्या झुडपांच्या आड आधी तिचा हात गेला, मग खांदा, मग ती सगळी.

"अहो," मागून आवाज आला. "जरा थांबा. छातीत दुखतंय."

अरुणा पुढे होती. मी तिला जाताना पाहिलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. पण ते शब्द मी एकदा ऐकून सोडून दिले होते, आणि तेही इथेच.

लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी मागे वळलो.

वाटेवर एक बाई वाकून उभी होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, दम खात असल्यासारखी. जांभळा कोट. तिच्या तोंडातून वाफ निघत नव्हती. तिनं मान वर केली. कुंकू होतं. चष्मा होता. मधला भांग होता. आणि बाकी चेहऱ्याच्या जागी काहीच पक्कं नव्हतं. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते, तसं. मी जेवढं पाहिलं होतं तेवढंच होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि बघता बघता, मी बघत होतो म्हणूनच, त्या वाफेत नाकाची कड दिसायला लागली.

मी पळालो. पुढे, वळणापलीकडे. तिथून वाट सरळ काचघरापर्यंत जाते, दोन्ही बाजूंना मोकळं गवत. वाटेवर कोणी नव्हतं. गवतावरच्या पांढऱ्या थरावर कोणाचं पाऊल नव्हतं.

६

"नाम क्या है आंटी का?" गुरमीत विचारत होती. "नाम लेके बुलाओ ना, अंकलजी!"

मी मघापासून "अगं, अगं" असंच ओरडत होतो. "अगं"ला कोणीही ओ देऊ शकतं. "अरुणा" असं ओरडलो तेव्हा ते नाव मलाच परकं वाटलं.

गुरमीतनं वायरलेसवरून ऑफिसला कळवलं आणि पलीकडून विचारलेले प्रश्न मला विचारू लागली. कोट? जांभळा. ते मला माहीत होतं, पंधरा मिनिटांपूर्वीच पाहिलं होतं. उंची? माझ्या खांद्याइतकी असेल. डोळे कसे? चेहऱ्यावर काही खूण, तीळ, डाग?

"मला माहीत नाही," मी म्हणालो. मराठीत म्हणालो. तिला समजलं असावं. तिनं मान खाली घातली.

आम्ही दोघं दोन दिशांनी निघालो. झुडपांमध्ये मी आधीच पाहून आलो होतो, एकेका गोणपाटाच्या मागे. तरी गुरमीतचा आवाज तिथूनच आला. "मिल गई! मिल गई, अंकलजी!"

झुडपांच्या मधोमध एक बाई उभी होती. गुरमीतनं तिचे हात धरले होते आणि ते चोळत होती. जांभळा कोट, वरपर्यंत बटणं लावलेला.

"आंटी ही हैं ना?" गुरमीतनं हसत विचारलं.

मी त्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या जवळून मी त्याच्याकडे कधी पाहिलं असेन? डाव्या भुवईखाली तीळ होता. वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा. सगळं होतं, काही कमी नव्हतं. ताडून बघायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"अहो," ती म्हणाली, "चला घरी."

मला तिनं शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. शोधायला इतका वेळ का लावलात, असं विचारावं. तिनं वाट सोडून मला पुढे जाऊ दिलं.

७

पासपोर्टावरचा फोटो जुळतो. तीळ तिथेच आहे. सही जुळते. हृदयाचे डॉक्टर खूश आहेत. म्हणतात, पन्नाशीच्या बाईसारखी चाल आहे. जयदीप फोनवर म्हणाला, "आई साउंड्स अमेझिंग, बाबा! तुम्ही दोघं भांडत नाही आता?"

नाही, भांडत नाही. मी स्वयंपाकघरातून बेसमेंटमध्ये जातो, ती मागून येते. वॉशरूमच्या दाराशी थांबतो, ती थांबते. मी काही म्हटलं तर "हं" म्हणते. एकदा मी मुद्दाम ऑगस्टचा विषय काढला. म्हणालो, तू मला सांगितलंच नव्हतंस. तसं म्हणताना मला स्वतःची किळस आली.

"नसेल सांगितलं," ती म्हणाली.

मेंदूचा एक विकार असतो, त्यात माणसाला आपलीच बायको परकी वाटू लागते. मी त्यावर लायब्ररीतून तीन पुस्तकं आणून वाचली. लक्षणं बरीच जुळतात. हे सगळं मला झालेलं असू शकतं. मी नाही म्हणत नाही. पण मग अरुणाचा राग कुठे गेला? माझ्या डोक्यात बिघाड झाला तर तिचा राग का नाहीसा व्हावा?

आज डिसेंबरची चार तारीख. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी एकटा गाडी काढून बागेत गेलो. बर्फ अजून पडलं नव्हतं, नुसतं हिंव. काचघर बंद, बाकावर कोणी नाही. पहिली फेरी मी सारखं मागे बघत केली. कोणी नव्हतं. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणापाशी आलो आणि आवाज ऐकला.

पुढून येत होता. झुडपांच्या पलीकडून.

अरुणा बोलत होती. एक जड, एक हलकं पाऊल टाकत, मागे न बघता, तोंडाचा पट्टा सुरू. "—आणि त्या पोराला वाटतं बाबा बिचारे. बिचारे! विमानतळावर दोन बॅगा मी ओढल्या, जयदीप पोटात होता तेव्हा. एकदा वळून बघितलं नाही या माणसानं. आताही बघत नसेल. मेले तरी चाळीस मिनिटं पुरी करून मग—"

"अरुणा!" मी ओरडलो आणि धावलो. वळण ओलांडलं. वाट रिकामी, आणि आवाज पुढच्या वळणाच्या आड. धावलो की तो लांब जात होता. थांबलो तर विरत होता. तिच्याच चालीनं चाललो तेव्हा शब्द नीट ऐकू यायला लागले. जयदीप पोटात होता, हे मला माहीत नव्हतं. त्या सालाचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. ती पुढचं सांगत होती, आणखी रागानं, आणि त्यातला एकही शब्द मला गमवायचा नव्हता.

तेवढ्यात पार्किंगच्या बाजूनं खडी वाजली. सारखी पावलं, घाई नसलेली. सहा मिनिटांची गाडीची वाट ती चालत कशी आली असेल, हे मी मोजलं नाही.

"अहो," मागून हाक आली. "थांबा ना. चला घरी."

मी मान वळवली नाही. पुढे अरुणा चौथ्या वळणाकडे निघाली होती, आणि तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.